सत्तावीस नंबरची पाठ

दक्षिण कोरियातल्या सुवॉनला येऊन वर्ष झालं तरी इथल्या सार्वजनिक न्हाणीघराची पायरी मी चढले नव्हते. कारण एकच. आत अंगावर काही म्हणजे काहीही ठेवायचं नसतं. बायकांचा मजला वेगळा असतो, हे खरं. पण सहलीला गेल्यावर गाऊनच्या आत चाचपडत कपडे बदलणाऱ्यांतली मी. शेवटी चुसॉकच्या, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाच्या आधी ऑफिसातल्या मैत्रिणीने ओढतच नेलं. सणापूर्वी अंगाचा मळ काढायचा, ही कोरियातली जुनी रीत. नरकचतुर्दशीच्या घरात वाढलेली मी यावर काय हरकत घेणार?

हातात मिळाला नॅपकिनएवढा टॉवेल. त्याने नेमकं काय झाकावं हे ठरवेपर्यंत लक्षात आलं, की माझ्याकडे कुणी बघतच नाहीये. आज्या, सुना, शाळकरी पोरी बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून एकमेकींच्या पाठी घासत होत्या. थोडं वाईटही वाटलं, एवढी लाज फुकट गेली म्हणून.

आधी ४० अंशांच्या कढत हौदात अर्धा तास बसायचं. बोटांच्या सुकलेल्या खारका झाल्या आणि माझ्या मनगटातल्या किल्लीचा नंबर पुकारला गेला. सत्तावीस! गुलाबी रेक्झिनच्या बाकावर मी पालथी. अंग घासून देणाऱ्या, काळ्या अंतर्वस्त्रांतल्या, साठीच्या मावशी समोर. मावशी मी उगीच म्हणत नाही. इथे अशा बायकांना ‘इमो’ म्हणतात आणि इमो म्हणजे आईची बहीणच.

त्यांच्या हातात पोपटी खरखरीत पिशवी होती. तिचं नाव ‘इटली टॉवेल’, पण जन्म कोरियातल्याच बुसानचा, १९६०च्या दशकातला. व्हिस्कोजचं कापड तेवढं इटलीहून यायचं. साबण नाही, तेल नाही. मानेपासून टाचेपर्यंत त्यांनी मला खरवडायला घेतलं. कढईच्या बुडाशी लागलेलं पिठलं काढतात, तसं. मांडीवर दोन चापट्या मारल्या की कूस बदलायची. तिसऱ्या चापट्यांपर्यंत मी तव्यावरच्या भाकरीइतकी शहाणी झाले होते.

मग त्यांनी माझा दंड धरून मला दाखवला. त्यावर मळाच्या करड्या वळ्या. शेवयाच म्हणा ना! “त्ते,” त्या समाधानाने म्हणाल्या. मळ. मी रोज आंघोळ करते हो, उन्हाळ्यात दोनदा, हे कोरियनमध्ये कसं सांगतात ते मला ऐन वेळी आठवेना. वर बादलीभर पाणी भस्सकन अंगावर आलं आणि पुरावा वाहून गेला.

पाठीला मात्र त्यांनी वेळ दिला. खांद्यांच्या मधली ती जागा, जिथे आपला हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही नाही. तिथे शेवटचा हात आईचा फिरला होता. मी सातवी-आठवीत असेन, पहाटेचा अंधार, बंबाचा धूर, उटण्याचा वास आणि “हलू नकोस गं.” त्यानंतर ही पाठ माझ्याकडेच होती, पण तिची कुणी चौकशी केली नव्हती.

“शिवॉनहे?” मावशींनी विचारलं. गार वाटतंय का? अंगातून वाफा निघत असताना हा प्रश्न. कढत रस्सा प्यायल्यावरही इथली माणसं हेच म्हणतात. आणि न्हाऊन आल्यावर पदराने मान पुसत आमची आजी काय म्हणायची? “गार वाटलं बाई जिवाला.” मी मान डोलावली.

बाहेर येऊन केळ्याचं दूध प्यायले. न्हाणीघरानंतर तेच प्यायचं असतं म्हणे. १९७४ पासून तीच २४० मिलिलिटरची गरगरीत बाटली. रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, “पैसे देऊन?” आणि दुसरा, “मी वज्री दिली होती ना तुला बरोबर?”

दिली होती. ती बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून फटीत लावलेली आहे, हे मी बोलले नाही.