व्हेंटिलेटरवरची आजी आणि "किती दिवस?"

आज गोव्यात बांबोळीला आयसीयूच्या दारात पुन्हा तोच प्रश्न: "आजी किती दिवस काढतील?" नुसत्या वयावरून याचं उत्तर देता येत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, इमर्जन्सीत श्वासनलिकेत नळी घातलेल्या 65 वर्षांवरच्या रुग्णांपैकी सुमारे 33 टक्के रुग्णालयातच दगावले. नव्वदीपुढे हे प्रमाण 50 टक्के. पण आजी कालपर्यंत स्वतः चालत न्हाणीत जात होत्या की सहा महिने खाटेवरच होत्या, याने फार फरक पडतो. नातेवाइकांनी हे आधी सांगावं, रिपोर्टांची फाईल मागाहून.

मशीन श्वास देतं, आजार बरा करत नाही. श्वासाचं माप वजनावर नाही, उंचीवर ठरतं: 150 सेंमी उंचीच्या आजीला एका श्वासाला साधारण 260 ते 350 मिली. जास्त दिलं तर फुप्फुसच दुखावतं. डोकं 30 ते 45 अंश वर हवं, नाहीतर तोंडातली लाळ खाली झिरपून न्यूमोनिया होतो. नळीभोवतीच्या फुग्याचा (कफचा) दाब 20 ते 30 सेंमी पाण्याइतका. आणि झोपेचं औषध रोज कमी करून बघायलाच हवं, कारण श्वासपटल, म्हणजे श्वास ओढणारा स्नायू, दोन-तीन दिवसांतच सुकायला लागतं. मग अर्धा ते दोन तास स्वतःच्या श्वासाची चाचणी.

दहा-बारा दिवसांत नळी निघाली नाही तर गळ्याला छिद्र पाडण्याचा विषय निघतो. तेव्हा घरात भांडणं होतात, कारण आजींना काय हवं होतं ते कुणी विचारलेलंच नसतं. 2023 पासून लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवणं, सोपं झालंय: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आजी बोलत्या आहेत तोवर विचारा.