आमची वाटचाल : खडूने लिहिलेली तारीख

वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर काम सुरू केलं, तेव्हा आमची 'सप्लाय चेन' म्हणजे त्यांची सायकल होती. फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, कास्टिंग (ओतीव भाग) कॅरिअरला बांधून आणायचं, लेथवर कातायचं आणि संध्याकाळी त्याच सायकलवरून पोचवायचं. ऑइल इंजिनचे सुटे भाग आणि उसाच्या चरकाचे रोल, एवढंच काम. नियोजन हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पण गुऱ्हाळं पेटायच्या वेळी किती रोल लागतील, हे ते श्रावणातच सांगायचे आणि फारसे चुकायचे नाहीत.

मी शिरोली एमआयडीसीत शेड घेतली तोवर पुण्याकडचं गाड्यांचं आणि ट्रॅक्टरचं काम कोल्हापुरात आलं होतं. आज आमच्याकडे सात व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग-ड्रिलिंगची मशीनं), चार सीएनसी लेथ आणि अडतीस माणसं आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या तीन फौंड्र्यांकडून कास्टिंग येतं. आम्ही मशिनिंग करून ट्रॅक्टरची हौसिंग (आतल्या भागांची कवचं), ब्रॅकेट आणि कव्हरं पुण्याला पाठवतो. हे लिहायला सोपं आहे. मधली पंधरा वर्षं मात्र आम्ही शेड्यूल नावाच्या कागदामागे धावलो, म्हणजे महिन्यात कुठला माल किती हवा ही ग्राहकाची यादी. एक तारखेला शेड्यूल यायचं, दहाला बदलायचं, अठराला रद्द व्हायचं आणि पंचविसाव्या रात्री फोन यायचा, "उद्या सकाळी माल नाही आला तर लाइन थांबेल." मग स्पेशल टेम्पो. महिन्याचा नफा टेम्पोवाला घेऊन जायचा आणि तरी उशिराचे पैसे कापणारी डेबिट नोट यायचीच.

2017 च्या जुलैत जीएसटी आला. तसंही सगळं संगणकावर आणायचंच आहे, तर चांगलं सॉफ्टवेअर घेऊ, असं मला वाटलं. कर्ज काढून घेतलं. पोरं आली, टाय लावून दोन दिवस शिकवून गेली. तीन महिन्यांत संगणक सांगायला लागला की आमच्याकडे हौसिंगची शिल्लक उणे 212 आहे. उणे! शेडमध्ये तर पाय ठेवायला जागा नव्हती.

भानगड अशी होती की एकाच वस्तूला आमच्याकडे चार नावं होती. ग्राहकाचा पार्ट नंबर, ड्रॉइंगचा नंबर, फौंड्रीच्या पॅटर्नवरचा नंबर आणि आमच्या पोरांनी ठेवलेलं नाव : 'हत्ती'. चलन फौंड्रीच्या नंबराने यायचं, बिल ग्राहकाच्या नंबराने जायचं आणि मधली सगळी कामं हत्तीच्या नावावर. संगणकाला बिचाऱ्याला काय कळणार? शिवाय ब्लो-होल (ओतकामात राहिलेली पोकळी) निघालेला माल मागच्या भिंतीला लावून ठेवायचा, त्याची नोंदच नाही. रिजेक्शन लिहिलं की मालक ओरडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. तो मालक मीच.

सॉफ्टवेअर बंद करून ठेवलं. हप्ते चालू राहिले.

आमचे फोरमन, सगळे त्यांना मामा म्हणतात, एकदा गेटजवळच्या ढिगावर हात ठेवून म्हणाले, "मालक, ह्यो माल कवा आला, सांगा बघू." मला सांगता येईना. त्यांनाही येईना. तेव्हा मामांनी खडूचा बॉक्स मागवला. कास्टिंग गेटमधून आत आलं की ज्या बाजूला मशिनिंग होत नाही तिथे तारीख लिहायची. दोन दिवसांनी कळलं की कूलंटमध्ये, म्हणजे मशीनवर माल थंड ठेवणाऱ्या पाण्यात, खडू धुऊन जातो. मग पहिल्या सेटअपनंतर, म्हणजे मशीनवर पहिल्यांदा बांधून काम झाल्यावर, तीच तारीख पेंट मार्करने घालायची ठरली. चाळीस हत्तींवर आम्ही तारखा लिहिल्या आणि प्रत्येक टप्प्यावर वहीत टिपत गेलो.

महिन्याअखेर वही उघडली तेव्हा मी मुकाट्याने चहा मागवला. एका हत्तीचं सगळं मशिनिंग अट्ठेचाळीस मिनिटांचं. आणि गेटमधून आत येऊन पुन्हा बाहेर पडेपर्यंत सरासरी एकोणीस दिवस. चार दिवस तपासणीची वाट बघत, कारण मापं तपासायचं हाइट गेज एकच आणि तो हाताळणारा माणूसही एकच. तीन दिवस पहिल्या आणि दुसऱ्या सेटअपच्या मध्ये. सहा दिवस बाहेर प्रायमर मारायला. चार दिवस टेम्पो भरायची वाट बघत. आणि मी नवीन व्हीएमसीसाठी बँकेत खेटे घालत होतो! मशीन आणखी एक आलं असतं तर वाट बघणाऱ्या मालाचा ढीग तेवढा वाढला असता.

त्यातलं सगळ्यात झोंबलं ते प्रायमरचं. त्या माणसाचं काम अर्ध्या दिवसाचं. मग सहा दिवस का? मी स्वतः जाऊन विचारलं. तो आधी बोलेना, मग म्हणाला, "साहेब, तुमचं बिल तीन महिन्यांनी मिळतंय. ज्याचं रोख, त्याचं आधी." पुण्याच्या ग्राहकाबद्दल जी तक्रार मी चारचौघांत करत फिरायचो, तीच माझ्याबद्दल होती. त्याला पंधरा दिवसांत पैसे द्यायला लागलो आणि सहाचे दोन दिवस झाले. एक रुपयाचं सॉफ्टवेअर लागलं नाही.

बाकीचं मग हळूहळू. वस्तूला नाव एकच, ते म्हणजे ग्राहकाचा पार्ट नंबर. फौंड्रीच्या चलनावरही तोच घालून घेतला. (हत्ती तोंडी अजून हत्तीच आहे.) दोनशेचा लॉट पन्नासावर आणला, त्यासाठी माल मशीनवर पकडणारं फिक्स्चर आधी लावून तयार ठेवायची सवय लावावी लागली. शेजारच्या दोन कारखान्यांशी बोलून आठवड्यातून तीनदा पुण्याला एकच गाडी सुरू केली, भरो न भरो. रिजेक्शन लिहिणाऱ्याला ओरडायचं नाही, ही सवय मला लावून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. 2019 च्या सुरुवातीला तेच जुनं सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. या वेळी चाललं. त्यात काहीच बदललं नव्हतं.

आता सगळं जमलं म्हणतोय तोच ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद. तयार माल शेडमध्ये, ग्राहक पुण्यात, मध्ये पाणी. आम्ही साठा कमी केल्याचा अभिमान बाळगून होतो आणि नेमकं तेच अंगाशी आलं. सगळीकडे साठा कमी ठेवायचा हा धडा पुस्तकात ठीक आहे. ज्या गावाचा रस्ता पावसाळ्यात बुडतो त्या गावाने तो जसाच्या तसा घ्यायचा नसतो. पुढच्या वर्षापासून आम्ही तिघा गाडीवाल्या कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ चाकणला छोटं गोडाऊन भाड्याने घेतलं. जूनच्या शेवटी रोजच्या खपाच्या वस्तूंचा दोन आठवड्यांचा माल तिथे जातो. सटीसहामासी लागणारं काही नाही, फक्त चालू माल. जुलै 2021 ला रस्ता पुन्हा बंद पडला तेव्हा आमची एकही डेबिट नोट नव्हती.

आमची लेक इंजिनिअरिंग करून कारखान्यात आली. तिने मागच्या शेड्यूलांची मोठी शीट केली, कागदावर काय आलं आणि प्रत्यक्षात काय उचललं गेलं. त्यावरून ती पुढच्या महिन्यांचा अंदाज काढायची आणि आम्ही फौंड्रीला आधीच आकडा द्यायचो. फौंड्रीलाही बरं, पिग आयर्न आणि कोक त्या हिशोबाने घेता येतो. 2022 ला अंदाज छान बसला. 2023 च्या जूनमध्ये तिने मागच्या वर्षीच्याच महिन्यांवरून आकडे काढले आणि मामांना दाखवले. मामांनी चष्मा वर केला. "औंदा अधिक हाय की."

2023 ला अधिक श्रावण होता. 2022 चा दसरा 5 ऑक्टोबरला, 2023 चा 24 ऑक्टोबरला. ट्रॅक्टर पितृपक्षात कोणी घेत नाही, नवरात्रात आणि दसऱ्याला घेतात, आणि आमचा माल त्याच्या आठ-दहा आठवडे आधी निघतो. इंग्रजी महिन्याला महिना जोडून बघितलं तर जवळजवळ तीन आठवड्यांची चूक. लेकीने त्या रात्री शीटमधला महिन्यांचा रकाना काढून टाकला आणि 'दसऱ्याला उरलेले आठवडे' असा रकाना घातला. मला वडिलांचा श्रावण आठवला.

पैशांचं दुखणं अजून आहे. लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचं, हा कायदा 2006 पासूनचा. पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी धरता येत नाही, हा नियम आल्यावर मोठ्या ग्राहकांचे हिशोबनीस जरा जागे झाले. एकाने आम्हाला, तुमची लहान उद्योगाची नोंदणी रद्द केली तर बरं, असंही सुचवून बघितलं. आम्ही नाही केली. त्याच्याकडून येणारं काम थोडं कमी झालं.

गेल्या वर्षी बारकोड आणला. स्टिकर कूलंटमध्ये सुटून जातं, म्हणून आता पत्र्याचा बिल्ला तारेने अडकवतो. गेटवर स्कॅनर आहे आणि त्याच्या शेजारी खडूचा बॉक्स, कारण वीज गेली की स्कॅनर गप्प.

मामा निवृत्त होऊन गावी असतात. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, दसरा 20 ऑक्टोबरला. लेकीने शीट तयार केली आणि आकडे वाचून दाखवायला मामांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, पाऊस बघून सांगतो."