कम्पालाचा मैला: खड्डा, पिंप आणि तलाव

युगांडाच्या राजधानीत, कम्पालात, गटारवाहिनीला जोडलेली घरं दहात एकही भरत नाहीत. बाकी शहराचा भार खड्ड्याच्या संडासांवर आणि सेप्टिक टँकवर. टेकड्यांवर बंगले, खालच्या दलदलीच्या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. तिथे जरा खणलं की पाणी लागतं, म्हणून चौथरा बांधून संडासच जमिनीच्या वर उचलतात.

खड्ड्यात माणशी वर्षाला साधारण ४० ते ६० लिटर गाळ साठतो. एका संडासावर ३० माणसं धरा: वर्षाला दीड हजार लिटर, म्हणजे २०० लिटरची सात-आठ पिंपं. उपशाचे पैसे परवडले नाहीत की जोराच्या पावसात खड्डा ओढ्याकडे मोकळा केला जातो. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर, असे दोन पावसाळे इथे असतात. ते पाणी नाकिवुबो नाल्यातून व्हिक्टोरिया तलावाच्या मर्चिसन उपसागरात उतरतं, आणि शहराला पाणी पुरवणारं गाबा केंद्र त्याच उपसागरातून पाणी उचलतं. मधली पपायरसची, म्हणजे लव्हाळ्यासारख्या उंच पाणवनस्पतीची, दलदल पूर्वी बरीच घाण अडवायची. शेती आणि बांधकामांनी ती खाल्ली. पाण्यात शेवाळ वाढलं की तुरटी जास्त लागते आणि फिल्टर लवकर तुंबतात. पुढे पूर्वेला काटोसीला नवं जलशुद्धीकरण केंद्र उभारावं लागलं.

उपशाचा मोठा टँकर या बोळांत शिरत नाही. तिथे चालतो गल्पर: पीव्हीसी पाइप, तळाशी एक झडप, आत वरखाली होणाऱ्या दांड्यावर दुसरी, वर हँडल. हापशासारखंच तंत्र. दोन माणसं हँडल मारतात, मैला तोटीतून पिंपात पडतो, झाकण घट्ट लावून पिंपं छोट्या गाडीवर चढतात. पण आधी खरं कष्टाचं काम असतं ते कचरा काढण्याचं. वाकवलेल्या सळईच्या आकड्याने चिंध्या, बाटल्या, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक पिशव्या एकेक ओढून काढायच्या. एक चिंधी झडपेत अडकली की झडप बसत नाही आणि पाइप मैला धरत नाही. तळाचा गाळ घट्ट असेल तर पाणी ओतून ढवळावं लागतं. बांधीव नसलेला खड्डा पूर्ण रिकामा करायचा नाही, कडा ढासळतात. आत तर कुणी कधीच उतरू नये. विषारी वायूने माणूस मरतो, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

पिंपं पोचायला हवीत लुबिगीच्या मैला-प्रक्रिया केंद्रात. २०१४ पासूनच्या या केंद्राची क्षमता रोज ४०० घनमीटर मैला घेण्याची आहे. आधी जाळीवर कचरा अडतो, मग टाकीत गाळ खाली बसतो. वरचं पाणी तळ्यांच्या साखळीत जातं, गाळ वाळूच्या वाफ्यांवर पसरतात. पावसाळ्यात वाळवण लांबतं. सुका गाळ लगेच शेतात टाकायचा नसतो, कारण जंतांची अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात. म्हणून तो आधी साठवून ठेवतात.

केंद्र लांब पडलं, वाहतूक आणि केंद्रात पिंपं रिकामी करण्याचं शुल्क परवडेनासं झालं, की पिंप रात्री नाल्यातच उलटतं. म्हणून केंद्र बांधण्याइतकंच गल्परवाल्यांच्या फेरीचं गणित जमवणं गरजेचं आहे. वाई आणि सिन्नरमध्ये टाकी भरायची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी पाळीने उपसा करतात. कम्पालाच्या उथळ खड्ड्यांना ती पाळी फार लवकर लागेल, आणि संडासाच्या दाराशी कचऱ्याची झाकणवाली बादली ठेवली नाही, तर गल्पर पहिल्याच चिंधीवर अडेल.