पाणीपातळीचं ॲप: डेटाबेसचे रोल वेगळे केले

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी आणि कोयनेतला साठा एकाच आलेखावर दाखवणारं माझं ॲप मागच्या पावसाळ्यापासून चालू आहे. जँगो (वेबसाइट बांधायची पायथन चौकट), पोस्टग्रेसक्यूएल (डेटाबेस) आणि भाड्याचा एक छोटा सर्व्हर. बघणारे म्हणजे गावभागातले शेजारी आणि हरिपूरचे पाहुणे. एरवी कुणी फिरकत नाही. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की सगळे एकदम येतात. ४५ ला धोका पातळी, तेव्हा तर विचारू नका. ती गर्दी व्हायच्या आत डेटाबेसच्या परवानग्यांचं काम उरकायचं होतं, म्हणजे कुणाला कुठल्या रोलने (डेटाबेसमधल्या खात्याने) काय करता येईल ते. ते झालं.

आधी वेबसाइट, मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारं काम) आणि आकडे भरणारी स्क्रिप्ट असे तिघेही एकाच युजरने आत जायचे, आणि टेबलांची मालकीही त्याच्याकडेच. मालकाकडून डिलीट (ओळी पुसायची परवानगी) काढून घेता येतं, पण तो ते स्वतःलाच परत देऊ शकतो. आणि ड्रॉपचा, म्हणजे अख्खं टेबल उडवायचा हक्क तर मालकीतच येतो, रिव्होकने (परवानगी काढून घेणाऱ्या आज्ञेने) जात नाही. म्हणून मालकी आधी हलवली. आता मालक रोल फक्त मायग्रेशनपुरता लॉगिन करतो. वेबला मोजणीच्या टेबलावर नुसतं सिलेक्ट (वाचणं). भरणीच्या स्क्रिप्टला सिलेक्ट आणि इन्सर्ट (नवी ओळ घालणं), बस्स.

या 'बस्स'मुळे डिझाइन बदललं. स्क्रिप्ट 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' (नोंद आधीच असेल तर तीच बदल) वापरायची, त्याला अपडेटची परवानगी लागते. ती द्यायची नव्हती. आता दुरुस्त आकडा आला की नवी ओळ पडते, जुनी तशीच राहते, आणि आलेख शेवटची नोंद घेतो. खरं तर पुराच्या दिवसांत कुठला आकडा कधी बदलला हे कळणंच जास्त कामाचं.

सगळ्यात जास्त वेळ सीक्वेन्सने, म्हणजे ओळींना पुढचा क्रमांक देणाऱ्या गणकाने खाल्ला. जुन्या टेबलावर इन्सर्ट अडायचं, नव्यावर चालायचं, परवानग्या मात्र सारख्याच! कारण जँगोत निघालं: ४.१ आवृत्तीपासून नव्या टेबलांचा आयडी (ओळीचा क्रमांक) आयडेंटिटी कॉलम असतो, त्याला सीक्वेन्सची वेगळी परवानगी लागत नाही. जुनी टेबलं सीरियल या आधीच्या पद्धतीवरच राहतात, तिथे सीक्वेन्सवर युसेज (वापरायची परवानगी) द्यावं लागतं.

पुढे होणाऱ्या टेबलांच्या परवानग्या आधीच ठरवणारी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' ही आज्ञा वापरणार असाल तर 'फॉर रोल' लिहून मालकाचं नाव द्या. नाहीतर आज्ञा देणाऱ्या रोलने पुढे केलेल्या टेबलांनाच ती लागू होते, मालकाच्या नव्या टेबलांवर वेबला परवानगीच मिळत नाही, आणि पुढच्या मायग्रेशननंतर साइट बंद. तसंच पोस्टग्रेसक्यूएलच्या २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसात पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवायच्या सामाईक कप्प्यात) वाटेल त्याला टेबल करता येत नाही, पण अपग्रेड केलेल्या डेटाबेसात जुनी मुभा टिकून राहते. माझा तसलाच, म्हणून हाताने रिव्होक केलं.

पासवर्डचं थोडक्यात. स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर चालते, म्हणून तिला पीअर पद्धत: लिनक्सचा युजर तोच डेटाबेसचा रोल, पासवर्डच नाही. वेबचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमधून (प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंगमधून) काढून सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) लोडक्रेडेन्शियल या सोयीकडे दिला. पासवर्ड बदलताना पीएसक्यूएल या आज्ञा द्यायच्या प्रोग्राममधलं बॅकस्लॅश-पासवर्ड बरं, हॅश (पासवर्डचं न ओळखता येणारं रूप) आपल्याच बाजूला होतो आणि उघडा पासवर्ड लॉगमध्ये उतरत नाही.

बॅकअप अजून सुपरयुजरनेच (सगळ्या परवानग्या असलेल्या खात्याने) निघतो. बॅकअपच्या कामाला 'पीजी रीड ऑल डेटा' हा सगळा डेटा नुसता वाचू देणारा तयार रोल देऊन बघणार आहे.