१३ पाउंडांची स्प्रिंग आणि न मिटणारी स्लाइड

'पिस्तुलात हलकी स्प्रिंग टाक, धक्का कमी लागेल.' अमेरिकेतल्या शूटिंग क्लबांमध्ये हा सल्ला फुकट मिळतो, आणि तो अर्धवट आहे. स्प्रिंग म्हणजे रिकॉइल स्प्रिंग: गोळी सुटल्यावर मागे गेलेली स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पुन्हा पुढे आणणारी. काडतूस तेच असेल तर एकूण धक्काही तोच. स्प्रिंग बदलली की तो हाताला कधी आणि कसा लागतो, एवढंच बदलतं.

पिस्तूल ग्लॉक १७, तिसरी पिढी. मूळ स्प्रिंग १७ पाउंडांची. गोळी १४७ ग्रेन (वजनाचं एकक), वेग सेकंदाला ८८० फूट, म्हणजे पॉवर फॅक्टर (वजन गुणिले वेग, भागिले हजार) १२९. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या प्रॉडक्शन गटाला किमान १२५ लागतो. इतक्या मवाळ काडतुसाला १७ जडच. स्लाइड पुढे आपटते तेव्हा माशी (नेम धरायचं पुढचं टोक) खाली डुलकी खाते, आणि दुसऱ्या गोळीआधी तिला वर आणण्यात वेळ जातो. १५ टाकली तर माशी जागेवर परतली. इथेच थांबायला हवं होतं.

१३ टाकली आणि अडकलो. दर मॅगझिनला एकदा तरी स्लाइड दोनेक मिलिमीटर उघडी राहायची, ट्रिगर मेलेलं. आधी काडतुसांवर संशय. बॅरल काढून एकेक काडतूस त्यात टाकून पाहिलं, सगळी टुण्णकन बसली. मग चेंबर (बॅरलमधली काडतुसाची जागा) घासलं, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं टरफल ओढणारा आकडा) साफ केला, तेल बदललं. ढिम्म फरक नाही.

दोष स्ट्रायकरच्या (काडतुसावर आपटणाऱ्या पिनेच्या) स्प्रिंगमध्येही नव्हता, ती आणि १३ ची रिकॉइल स्प्रिंग यांच्या जोडीत होता. ग्लॉकमध्ये स्लाइड मिटता मिटता ट्रिगर बार (ट्रिगरला जोडलेली पट्टी) स्ट्रायकरला अडवतो, आणि स्ट्रायकरची ५.५ पाउंडांची स्प्रिंग स्लाइडला मागे रेटू लागते. नेमकी तिथेच रिकॉइल स्प्रिंग सर्वांत कमी दबलेली, म्हणजे सर्वांत दुबळी. पाकिटावरचा आकडा स्लाइड पूर्ण मागे असतानाचा असतो, मिटतानाचा नाही! त्यात थोडी काजळी साचली की संपलं.

हे घरी दोन मिनिटांत कळलं असतं. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासायचं. नळी वर, सुरक्षित दिशेला. ट्रिगर दाबून तसंच धरायचं, स्लाइड पूर्ण मागे ओढायची आणि अगदी सावकाश पुढे सोडायची. ती आपोआप पूर्ण मिटली नाही, तर ती स्प्रिंग त्या पिस्तुलाची नाही. माझी स्लाइड बोटभर आधीच थांबली.

उपाय म्हणून स्ट्रायकरची स्प्रिंग ४.५ ची केली. स्लाइड मिटू लागली, पण कडक प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची पेट घेणारी टोपी) नुसता ठसा उमटायचा, बार नाही. मऊ प्रायमर शोधत हिंडण्यापेक्षा १५ आणि ५.५ वर परत आलो.

हो, राहिलंच: तिसऱ्या पिढीची मूळ स्प्रिंग गाइड रॉडवर (तिच्या मधल्या दांडीवर) अडकवलेली असते, त्यामुळे सुटी स्प्रिंग टाकायला वेगळा उघडा स्टीलचा रॉड लागतो. बसवताना चष्मा घाला, ती सुटली की थेट तोंडावर येते. चौथ्या पिढीत दुहेरी स्प्रिंग आहे, त्यात हे भाग अडॅप्टरशिवाय बसत नाहीत.