शेपटीच्या अलीकडचा छोटा पर

धरलेल्या माशाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत आईचा मेसेज, "तिखला केलंस काय?" (तिखला म्हणजे आमच्याकडचं माशाचं तिखट कालवण.) म्हटलं नाही गं, सोडला परत पाण्यात. त्यावर काका ऑनलाइन आले, "मगे थंडीत मरूक गेलंस कित्याक?" याला उत्तर टाइप करायला लागलो आणि ते एवढं लांबलं की म्हटलं इथेच लिहून टाकू.

तर जानेवारीतला लाँग वीकेंड, मी आणि ऑफिसमधला एक मित्र अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात फोर्क्सला गेलो होतो, स्टीलहेड नावाचा मासा धरायला. सिएटलहून फेरी पकडायची, मग पोर्ट एंजेलिस, मग लेक क्रेसेंटच्या कडेकडेने तो वळणावळणाचा एकशे एक नंबरचा हायवे, चार तास तरी धरून चाला. फोर्क्सला वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आमच्या कणकवलीवाल्याला त्यात नवल काही नाही, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत धबाधबा पडून मोकळा होतो आणि इथे ऐन हिवाळ्यात, चार-पाच डिग्रीत, दिवसभर रिपरिप. हाडात जातो.

स्टीलहेड म्हणजे खरं तर रेनबो ट्राउटच, जात तीच, पण हा समुद्रात जाऊन येतो. नदीत जन्मतो, वर्ष-दोन वर्षं तिथे काढतो, मग उत्तर पॅसिफिकमध्ये लांबवर जाऊन खाऊन खाऊन दांडगा होतो आणि अंडी घालायला परत आपल्याच नदीत. सॅमनसारखंच सगळं, फरक एवढाच की पॅसिफिक सॅमन अंडी घातली की मरतो आणि हा पठ्ठ्या जगला वाचला तर परत समुद्रात जातो आणि पुन्हा येऊ शकतो. सगळेच येत नाहीत, थोडेच येतात, पण येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला हे सगळं पहिल्यांदा कळलं तेव्हा डोक्यात आले ते चढणीचे मासे. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की गडनदीतून मासे उलटे व्हाळात, म्हणजे ओढ्यात, चढायचे, व्हाळातून पार मळ्यात, आणि रात्री बॅटऱ्या आणि पाग, म्हणजे फेकायची जाळी, घेऊन अख्खी वाडी चिखलात. इथेही तेच की! पाऊस पडतो, नदीला पाणी येतं, त्या पाण्याचा वास समुद्रात पोचतो आणि मासा आत शिरतो. फक्त इथे पाग नाही, एक गळ, त्यालाही उलटा काटा नको, आणि एक माणूस छातीपर्यंत रबरी विजार घालून बर्फासारख्या पाण्यात उभा.

त्यामुळे खरी मासेमारी घरी सोफ्यावर सुरू होते. नद्यांवर सरकारी गेज आहेत, पाणी किती क्युसेकने वाहतंय ते फोनवर लाइव्ह दिसतं. आपण बातम्यांत कोयनेतून विसर्ग किती क्युसेक ते ऐकतो ना, तसंच, फक्त इथे लोक पूर येणार का म्हणून नाही तर पूर कधी उतरणार म्हणून बघतात. पाणी चढत असताना नदी चहासारखी, काही उपयोग नाही. एकदम उतरून आरशासारखी स्वच्छ झाली की मासा बिथरतो. मधली जी वेळ असते, पाणी उतरतंय आणि रंग जुन्या गोटी सोड्याच्या बाटलीसारखा हिरवा झालाय, ती खरी वेळ. प्रत्येक नदीची तऱ्हा वेगळी. सोल डक नदी लवकर निवळते. ‘हो’ नावाची नदी माउंट ऑलिंपसच्या हिमनद्यांमधून येते, ती एकदा गढूळ झाली की दिवसेंदिवस राखाडी. आम्ही बोगाशील नदी धरली, कारण तिथे हॅचरी, म्हणजे माशांची पिल्लं वाढवून नदीत सोडायचं केंद्र, आहे आणि हॅचरीचे मासे डिसेंबर-जानेवारीत येतात, म्हणजे घरी न्यायला काहीतरी मिळेल अशी माझ्यातल्या मालवणी माणसाला आशा.

पहिला दिवस शून्य. अक्षरशः शून्य. फ्लोट टाकायचा, त्याच्याखाली गुलाबी जिग, म्हणजे खोटं आमिष लावलेला गळ, तळापासून फूटभर वर राहील एवढी दोरी, प्रवाहाबरोबर वाहू द्यायचं, गुंडाळायचं, परत टाकायचं. माणसाच्या चालीने पाणी वाहतं तिथे हे मासे दम खात थांबतात असं म्हणतात, तर तशी जागा शोधून दिवसभर तेच. हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक स्टीलहेड लागतो अशी इथे म्हणच आहे, मला आधी अतिशयोक्ती वाटायची. दुपारी बोटांना काही कळेनासं झालं, सँडविच खाताना कागद पण खाल्ला थोडा.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, रिटायर्ड, दर हिवाळ्यात येणारे. पूर्वी किती मासे असायचे ते सांगत बसले. तिकडचे नियम पण घट्ट होत गेलेत, २०१६ पासून जंगली स्टीलहेड ठेवायचाच नाही, २०२० च्या डिसेंबरपासून या किनाऱ्याच्या नद्यांवर बोटीतून गळ टाकणं आणि खरं आमिष वापरणं बंद केलं, २०२२ ला तर मासे इतके कमी आले की १ मार्चलाच सीझन बंद. मग बोलण्याची गाडी नेहमीप्रमाणे नदीच्या मुखाशी ‘ला पुश’ गावातल्या क्विलियूट आदिवासींच्या जाळ्यांवर आली. तिथे मात्र मी गप्प राहिलो नाही. १९७४ च्या, जज बोल्ट यांच्या कोर्टाच्या निकालाने तिथल्या आदिवासी जमातींना धरण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा आहे, आणि तो कुणी खैरात दिलेली नाही, जमिनी घेताना करारात लिहून दिलेला हक्क आहे. ज्या जिल्ह्यात किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले आणि मोठ्या यांत्रिक बोटींच्या पर्ससीनवाल्यांची भांडणं बघत मोठा झालो तिथल्या माणसाला किनाऱ्यावरच्यांचा हक्क म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही. म्हातारबा "हं" म्हणाले आणि फ्लोटकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला फ्लोट बुडाला. मला वाटलं दगड, आदल्या दिवसापासून पन्नास दगड धरले होते, म्हणून नुसताच रॉड उचलला आणि दगड पळायला लागला. रीलचा जो आवाज झाला ना. मासा सरळ खालच्या प्रवाहात गेला, मग पाण्याबाहेर अख्खा, चांदीचा, एकदा आणि परत एकदा, मी गोट्यांवरून धडपडत त्याच्यामागे आणि मित्र मागून ओरडतोय की दोरी ढिली सोडू नको. किती वेळ गेला माहीत नाही, मित्र म्हणतो सात-आठ मिनिटं, मला तासभर वाटला.

उथळ पाण्यात आणला तेव्हा म्हातारबा काठावरून बोलले, आधी पर बघ. पाठीवर, शेपटीच्या थोडं अलीकडे, एक छोटासा मांसल पर असतो, नखाएवढा. हॅचरीवाले पिल्लं सोडताना तो कापतात. कापलेला असला की मासा तुमचा, शाबूत असला की नदीचा. मी बोटाने चाचपला. होता.

खरं सांगतो, सेकंदभर जीव खट्टू झाला. चार किलोचा तरी असेल, आणि ताजा, समुद्रातून नुकताच आलेला. आमच्या घरात मासा धरायचा तो खायलाच, खेळ म्हणून मासा दमवायचा ही कल्पनाच आजोबांना कळली नसती, आणि मलाही ती पूर्ण पचलीय असं नाही. त्याला दुखलं नसेल का, दमवून सोडण्यापेक्षा खाणं जास्त प्रामाणिक नाही का, हे प्रश्न येतात. पण मग हा परत येऊ शकतो हे पण आठवतं. जंगली मासा पाण्याबाहेर पूर्ण उचलायचा पण नाही असा नियम आहे, म्हणून फोटोत तो अर्धा पाण्यात दिसतोय. पक्कडीने गळ काढला, बिनकाट्याचा असल्याने पटकन सुटला. शेपटीजवळ धरून तोंड प्रवाहाकडे केलं, कल्ले हलत होते, हलत होते, आणि मग एकदम हातातून जोर लावून गेला. बाहीतून पाणी आत.

मित्र म्हणतो पुढच्या वेळी प्युजेट साउंडमध्ये ब्लॅकमाउथला जाऊ, म्हणजे समुद्रात लांब न जाता खाडीतच राहिलेला तरुण चिनूक सॅमन, हिरड्या काळ्या म्हणून ते नाव. तो हिवाळ्यात बोटीतून खोल पाण्यात धरतात आणि चवीला एक नंबर. पण मला बोट लागते. कोकणातला असून. हे कृपया ग्रुपवर कुणी सांगू नका.

येताना इंडियन स्टोअरमधून फ्रोझन मासे घेतले, रात्री तिरफळं घालून तिखला केला आणि फोटो आईला पाठवला, खाली लिहिलं "हा बघ केला". एका मिनिटात रिप्लाय.

"ह्यो बांगडो."