एका एक्स-रेसाठी अडकलेले पैसे

आजचा अख्खा दिवस ग्रामीण रुग्णालयाच्या अडकलेल्या क्लेममध्ये, म्हणजे उपचारांपोटी सरकारी योजनेकडे मागितलेल्या पैशांमध्ये गेला, म्हणून हे लिहितोय.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत झालं. निर्णय योग्यच. पण त्या शुल्कातूनच रुग्ण कल्याण समिती बल्ब, नळ, जनरेटरचं डिझेल असली किरकोळ कामं उरकायची. आता ३० खाटांच्या रुग्णालयाला हातखर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या (पेशंटच्या उपचाराचा खर्च भरणारी राज्याची योजना) क्लेमचा मोठा आधार आहे, आणि तोच कागदांवर अडतो.

हाडाचं ऑपरेशन चोख झालेलं, पण फाइलमध्ये ऑपरेशननंतरचा एक्स-रे नाही. फिल्म पेशंटच्या पिशवीतून घरी गेली! रेशनकार्डावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. डिस्चार्ज कार्डावरची तारीख नर्सिंग नोट्सशी जुळत नाही. क्लेम तपासताना योजनेकडून शंका निघते, उत्तराची मुदत टळते, क्लेम नामंजूर.

उपाय साधा आहे. नावातला फरक भरती करतानाच मिटवा. एक्स-रे काढल्या काढल्या त्याचा फोटो अपलोड करा. डिस्चार्ज कार्ड देण्याआधी आरोग्यमित्र (रुग्णालयात योजनेचं काम बघणारा कर्मचारी) आणि वॉर्डच्या सिस्टर यांनी फाइल एकत्र बसून तपासावी, आणि पोर्टलवरच्या शंका रोज सकाळी उघडून बघाव्यात. पेशंट गावी गेल्यावर कागद गोळा करणं फार जड जातं.

औषधांच्या साठ्याचाही उपाय असाच साधा. आधी मुदत संपणारा खोका पुढे ठेवा, आधी आलेला नव्हे.

आणि समितीची बैठक मार्चपर्यंत लांबवू नका. घाईत खरेदी होते, वॉर्डातला गळका नळ तसाच राहतो.